तळ्याला परवाना, खाडीला वाली नाही

बडोदे शहरात दांडियाबाजारातून निघून विश्वामित्रीवरचा पूल ओलांडला की पलीकडच्या तीरावर अकोटा लागते. आमच्या किनारपट्टीवरील वाचकांपैकी थोड्यांनाच हे नाव ठाऊक असेल. परंतु गायकवाडांच्या या नगरीत पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी घरांना ते परके नाही. प्राचीन काळी या जागी अंकोट्टक नावाचे संपन्न नगर होते. तेथे सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती आज बडोद्याच्या वस्तुसंग्रहालयाचे भूषण आहेत. त्याच भूमीत रोमन बनावटीची कांस्यवस्तूही मिळाली, आणि भडोचच्या बंदरातून चालणाऱ्या सागरी व्यापाराचा हात या नगरापर्यंत पोहोचला होता, याची साक्ष पटली. आज अकोट्याच्या रहिवाशाला समुद्र दिसत नाही. तो पन्नास-साठ किलोमीटर दूर आहे. तथापि पावागडच्या डोंगरात उगम पावून अकोट्याच्या कडेने वाहणारी विश्वामित्री पुढे ढाढर नदीस मिळते व तिच्यावाटे खंभातच्या आखातात जाते. म्हणजे अकोट्याचे जे पाणी ते अंती आखाताचेच पाणी होय.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी काढली, तीत विश्वामित्रीचा समावेश सर्वांत दूषित अशा पहिल्या वर्गात झाला होता. बडोद्याच्या कारखान्यांचे सांडपाणी वाहून नेण्यासाठी सुमारे ५५ किलोमीटर लांबीचा एक स्वतंत्र कालवा १९८३ च्या सुमारास सुरू झाला. तो भडोच जिल्ह्यातील जंबुसर तालुक्यात, सारोद गावाजवळ, मही नदीच्या मुखाशी रिकामा होतो. शहराच्या दृष्टीने प्रश्न सुटला. कारण घाण दृष्टीआड झाली. ती ज्यांच्या दृष्टीपुढे गेली ते मच्छीमार आणि काठावरचे शेतकरी शहराच्या नकाशात नव्हते. समुद्र अफाट आहे, त्यात काय टाकले ते कळत नाही, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे, की तिच्यावर शंका घेण्याचेही कोणास सुचत नाही.

कारखान्यांच्या सांडपाण्यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले. आज आम्हांस लिहावयाचे आहे ते त्याच समजुतीवर पोसलेल्या, परंतु दिसावयास निरुपद्रवी अशा एका धंद्याविषयी. खंभातच्या आखाताच्या काठाने भडोच, सुरत, नवसारी व वलसाड जिल्ह्यांत, आणि पुढे दक्षिणेस ठाण्या-पालघरपासून कोकणच्या खाड्यांपर्यंत, कोळंबी संवर्धनाचे तलाव झाले आहेत. गोव्यातही खाजनांच्या रूपाने हाच प्रश्न वेगळ्या वेषात उभा आहे. धूर नाही, भोंगा नाही, उंच चिमणी नाही. नुसते चौकोनी बांध आणि त्यांत साठविलेले पाणी. मासे वाढविणे हा तर आपल्या किनाऱ्यावरचा जुना व पुण्याईचा उद्योग. मग त्यात प्रदूषण ते कसले, असा प्रश्न भल्याभल्यांस पडतो. म्हणून प्रथम या तळ्यात घडते काय, ते समजून घेतले पाहिजे.

जुन्या पद्धतीत भरतीच्या पाण्याबरोबर येणारी पिल्ले बांधाआड अडवून ठेवीत आणि ती निसर्गात मिळेल ते खाऊन वाढत. आधुनिक तलावात बीज विकत आणून दाट सोडतात आणि पोत्यांतून येणाऱ्या खाद्यावर ते पोसतात. एक किलो कोळंबीमागे दीड किलोच्या आसपास खाद्य खर्ची पडते. खाद्यातील नत्राचा जेमतेम पाव भाग काढणीच्या वेळी कोळंबीच्या अंगात असतो. उरलेला विष्ठेच्या, न खाल्लेल्या दाण्यांच्या आणि मेलेल्या शेवाळाच्या रूपाने पाण्यात व तळाच्या गाळात राहतो. त्यातून अमोनिया निघतो, गाळात सडकी अंडी आठवावीत असा वायू धरतो, पाण्यातील प्राणवायू घटतो. म्हणून रात्रंदिवस पाणी घुसळणारी यंत्रे लावावी लागतात. जोडीला तळे तयार करताना चुना आणि ब्लीचिंग पावडर, नको असलेले मासे मारण्यासाठी पेंड, आणि रोग आलाच तर औषधे. काढणीच्या दिवशी हे सारे पाणी, विशेषतः तळाशी बसलेले शेवटचे गढूळ पाणी, सोडून देतात. सोडतात कोठे? ज्या खाडीतून ते घेतले तेथेच.

एका तळ्याचे पाणी खाडी पचविते. दोन भरत्या येऊन जातात आणि खूण उरत नाही. परंतु एकाच खाडीच्या काठी तळ्यास तळे लागले, आणि सर्वांची काढणी बाजारभाव पाहून एकाच पंधरवड्यात आली, की खाडीच्या पचनशक्तीची मर्यादा उघडी पडते. मुखाशी रुंद असलेली खाडी आत जाऊन चिंचोळी होते; तेथे ओहोटीला पाणी पुरते बाहेर जात नाही, तेच पुढेमागे हेलकावे खात राहते. तिसऱ्या, खुबे, कालवे हे जागा सोडून न जाणारे जीव प्रथम बळी पडतात. शेवटे, काळुंद्र, चोणक ही खाडीची मासळी विरळ होते. हे जीव वेचून किंवा पागून ज्यांच्या घरची चूल पेटते त्या बायाबापड्यांचे नाव कोणत्याही प्रकल्प-अहवालात नसते; कारण त्यांच्यापाशी ना होडीचा परवाना असतो, ना जमिनीचा उतारा. खाडी हीच त्यांची सातबारा, आणि ती कोणाच्याही नावावर नाही.

दुसरी हानी जमिनीखालून येते. शेतापेक्षा उंच बांध घालून त्यात सहा-सहा महिने खारे पाणी कोंडून ठेवले, की ते बांधातून व तळातून पाझरते. शेजारच्या खाचराचे भात पिवळे पडते. पुढच्या वर्षी ते खाचर पडीक राहते, आणि तिसऱ्या वर्षी तेच खाचर तळ्यासाठी मागावयास माणूस येतो. विहिरीचे पाणी आधी मचूळ, मग खारे होते. ज्या गावात घरामागे पाणी होते त्या गावातील स्त्रिया टँकरची वाट पाहू लागतात. कांदळवनाची जमीन खणली असेल तर आणखी एक दोष उद्भवतो. त्या चिखलातील गंधकयुक्त द्रव्ये हवा लागताच आम्ल बनतात, आणि धंदा सोडून गेलेल्या तळ्याच्या जागी पुढे भातही होत नाही आणि मासाही धड वाढत नाही.

हे सारे आम्ही कल्पनेने लिहीत नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे ते सप्रमाण मांडले गेलेले आहे. तमिळनाडूतील तंजावर-नागपट्टिनमच्या भागात भूदान चळवळीत हयात घालविलेले सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांनी १९९४ मध्ये कोळंबी उद्योगाविरुद्ध याचिका दाखल केली. भूमिहीनांना भातशेती मिळवून देण्यासाठी ज्यांनी सत्याग्रह केले, त्यांच्याच डोळ्यांदेखत ती भातशेती खाऱ्या पाण्याखाली जात होती. न्यायालयाने नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेस, म्हणजे ‘नीरी’स, प्रत्यक्ष पाहणी करावयास सांगितले. पिण्याच्या विहिरी खाऱ्या होणे, शेतजमिनी नापीक होणे, कांदळवनांची तोड आणि मच्छीमारांची किनाऱ्यावर जावयाची वाट तळ्यांनी अडविणे, या सर्व तक्रारी त्या पाहणीत खऱ्या ठरल्या. आणि सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष हा, की या उद्योगाने समाजाची व निसर्गाची केलेली हानी पैशांत मोजली तर ती त्याच्या कमाईहून अधिक भरते.

११ डिसेंबर १९९६ रोजी न्यायमूर्ती कुलदीप सिंग व न्यायमूर्ती सगीर अहमद यांनी निकाल दिला. किनारा नियमन क्षेत्रातील व्यापारी कोळंबी तलाव ३१ मार्च १९९७ पूर्वी पाडून टाकावेत, पारंपरिक पद्धतीची तळी राहू द्यावीत, शेतजमीन, मिठागरे, कांदळवने व गावाच्या सामाईक जमिनी यांचे तलावांत रूपांतर होऊ देऊ नये, ‘जो दूषित करील तो भरील’ या तत्त्वाने गावकऱ्यांस भरपाई द्यावी, आणि बेकार होणाऱ्या कामगारांस सहा वर्षांच्या वेतनाइतकी रक्कम द्यावी, असा तो आदेश होता. निसर्गाच्या हानीबरोबर कामगाराच्या पोटाचीही चिंता वाहणारा इतका समतोल निवाडा आपल्या न्यायालयीन इतिहासात विरळाच म्हटला पाहिजे.

तो अमलात आला काय? नाही. पुनर्विचाराचे अर्ज झाले, तहकुबी मिळाली, संसदेत १९९७ साली विधेयक आले आणि रेंगाळले. अखेर २००५ मध्ये किनारी जलसंवर्धन प्राधिकरणाचा कायदा झाला. या कायद्याने चेन्नईस मुख्यालय असलेले प्राधिकरण स्थापिले, नोंदणी सक्तीची केली, भरतीरेषेपासून २०० मीटरांच्या आत नव्या तळ्यांस मनाई केली. या गोष्टी चांगल्याच झाल्या. परंतु त्याच कायद्याने १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेच्या बंधनातून या धंद्यास पूर्वलक्षी प्रभावाने मोकळे केले आणि आधीपासून चालू असलेल्या तळ्यांस अंतराच्या मनाईतून सूट दिली. न्यायालयाने जे पाडावयास सांगितले होते ते कायद्याने उभे ठेवले. पुढे २०२३ च्या दुरुस्तीने नियमभंगासाठी असलेली तुरुंगवासाची शिक्षा काढून तिच्या जागी दंड ठेवला आणि बीजोत्पादन केंद्रांसारख्या काही सोयींस भरतीरेषेच्या अधिक जवळ येऊ दिले. प्रतिजैविक औषधांच्या वापरास मज्जाव करणारे कलमही त्याच दुरुस्तीत आहे, हे न्यायासाठी नमूद केले पाहिजे. परंतु त्यामागे खाडीकाठच्या विहिरीपेक्षा परदेशी ग्राहकाने माल परत पाठविण्याची धास्ती अधिक असावी, असे म्हटल्यास तो अन्याय होणार नाही.

आमचा मुख्य आक्षेप याच्याही पुढचा आहे. ही सारी व्यवस्था एकेका तळ्याकडे पाहते. खाडीकडे कोणीच पाहत नाही. अर्ज येतो तो एका तळ्याचा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती पाहते ते त्या तळ्याचे क्षेत्र, त्याचे भरतीरेषेपासूनचे अंतर, त्याचे कागद. ठरावीक क्षेत्रफळापेक्षा मोठे तळे असेल तर सांडपाणी शुद्ध करण्याची सोय त्याने करावी, अशी अट आहे. लहानांस ती नाही. आता एका मोठ्या तळ्याच्या जागी पन्नास लहान तळी निघाली तर काय होईल? पन्नासही नियमात बसतील, पन्नासांसही परवाना मिळेल, आणि खाडी मात्र मरेल. मेल्यावर दोष द्यावयास एकही जण सापडणार नाही. कारण प्रत्येकाच्या हाती मोहोर उठविलेला कागद असेल. बडोद्याच्या कालव्याचीही गोष्ट हीच नव्हे काय? ज्याचा त्याचा नळ ज्याच्या त्याच्या कागदात, आणि मुखाशी काय साचते त्याचा जबाब कोणाकडेच नाही.

खाडी हा एकच देह आहे ही जाणीव आपल्या पूर्वजांस होती. गोव्याची खाजने हा तिचा जिवंत पुरावा. मांडवी, जुवारी व त्यांच्या फाट्यांच्या काठी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन शतकानुशतके बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखली गेली. बांधात लाकडी झडपांची मानस. भरतीला पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटावी, ओहोटीला उघडावी आणि आतले जादा पाणी बाहेर जावे, अशी ती रचना. पावसाळ्यात कोरगुटासारखे खारे सोसणारे भात, भात निघाल्यावर मर्यादित खारे पाणी आत घेऊन मासे व कोळंबी, आणि काही ठिकाणी उन्हाळ्यात मीठ. एकाच जमिनीत शेतकरी, पागी आणि मिठागरी तिघेही नांदत. कोणी केव्हा किती पाणी घ्यावयाचे हे गावकारी ठरवी, आणि बांध फुटला तर रात्री-अपरात्री साऱ्या गावाने धावून जावयाचे, हा दंडक होता. मानशीतील मासळीचा हक्क लिलावाने दिला जाई आणि ते उत्पन्न बांधाच्या डागडुजीस लागे. मासा हा भाताचा भागीदार होता, मालक नव्हता.

ही घडी का विस्कटली याची कारणे अनेक आहेत. मुक्तीनंतर १९६४ च्या कुळकायद्याने जमीन कसणाऱ्याला न्याय दिला, परंतु बांध राखण्याची जी सामुदायिक जबाबदारी गावकारी वाहत होती ती कुळांच्या संघटनांकडे आली, आणि अनेक ठिकाणी त्या नावापुरत्याच उरल्या. भातशेती आतबट्ट्याची झाली, तरुण माणसे नोकरीस व परदेशी गेली. उलट मानशीच्या मासळीचे मोल मात्र वाढत गेले. लिलाव घेणाऱ्या ठेकेदाराचे हित मानस उघडी राहण्यात, शेतकऱ्याचे ती वेळेवर मिटण्यात. या ओढाताणीत मानशीची किल्ली ज्याच्या हाती पैसा त्याच्याकडे गेली. झडपा उघड्या राहिल्या, बांध फुटले, काही फोडले गेले अशाही तक्रारी गावोगाव झाल्या, आणि एकदा खारे पाणी आत आले की ‘ही जमीन आता शेतीच्या कामाची नाही, येथे मासेच वाढवावेत’ असे म्हणण्यास जागा झाली. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने गोव्यातील खाजनांचे नकाशे करावेत, व्यवस्थापनाचे आराखडे आखावेत आणि तेथे विकासकामांस परवानगी देऊ नये, असे स्पष्ट सांगितले. कागदावर खाजन सुरक्षित आहे. बांधावर जाऊन पाहणाऱ्यास तसे वाटत नाही. महाराष्ट्रातही खारभूमीच्या बांधांसाठी १९७९ चा विकास कायदा आहे. परंतु नादुरुस्त बांधाआडच्या नापीक जमिनीत तळे खणणे हाच सोपा उपाय म्हणून शेतकऱ्यापुढे ठेवला जातो, हे कोकणच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको.

आता दुसरी बाजू. ती दुर्लक्षून लिहिणे आम्ही अप्रामाणिकपणाचे समजतो. २०२३-२४ या वर्षात भारताने सुमारे ६० हजार ५०० कोटी रुपयांची सागरी उत्पादने निर्यात केली. त्यांपैकी गोठविलेली कोळंबी सुमारे ४० हजार कोटींची, म्हणजे दोन-तृतीयांश होती. या आकड्यामागे बर्फकारखाने, सोलणीच्या शेडमधील हजारो स्त्रिया, वाहतूकदार, आणि कर्ज काढून एक-दोन एकरांत नशीब अजमावणारे लहान शेतकरी आहेत. समुद्रातील मासळी घटत चालली असता माणसाने मासा पिकवू नये काय, हा प्रश्नही रास्त आहे. पिकवावा, असेच आमचे उत्तर आहे. परंतु पोत्यांतील खाद्याच्या मुळाशी गेले तर तेथे पुन्हा समुद्रच सापडतो. कारण त्या खाद्यात फिशमील असते आणि ते लहान मासळी वाळवून, दळून केलेले असते. म्हणजे तळे समुद्राचा भार हलका करते हे अर्धेच खरे. फिशमीलच्या कारखान्यांचा शेजार काय असतो ते कुंकळ्ळीच्या रहिवाशांना विचारावे; तेथील दुर्गंधीविरुद्ध आणि दूषित पाण्याविरुद्ध लोक वर्षानुवर्षे आवाज उठवीत आले आहेत.

शिवाय ४० हजार कोटींच्या बाजूस खारी झालेली विहीर, पडीक झालेले खाचर आणि रिकामी आलेली पागणी यांची रक्कम कोठे मांडली आहे? समुद्रमंथनातून अमृताआधी हलाहल निघाले होते. ते प्राशन करावयास प्रत्यक्ष महादेव पुढे आले, म्हणून देवांस अमृत लाभले. आजच्या मंथनातील अमृत बर्फात घालून परदेशी जाते, आणि हलाहल खाडीकाठच्या अशा माणसाच्या वाट्यास येते, ज्याला कोणी विचारलेले नाही.

तळ्याचा मालकही यातून सुटत नाही, ही गोष्ट त्याने स्वतः लक्षात घ्यावी. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणुरोगाने आंध्र व तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तळीच्या तळी ओस पाडली. एकाने रोगट पाणी खाडीत सोडावे आणि शेजाऱ्याने तेच पंपाने आत घ्यावे, हे ज्या धंद्यात चालते तेथे दुसरे काय होणार? २००९ नंतर टायगर कोळंबीच्या जागी अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची व्हॅनामेई ही जात आली, उत्पादन अनेक पटींनी वाढले. परंतु शेजाऱ्याचे सांडपाणी तेच आपले आवक-पाणी, हे सूत्र बदललेले नाही. ‘आमच्याकडे बोट दाखविता, मग कारखान्यांच्या कालव्यांचे काय?’ असे तळेवाले विचारतात. प्रश्न बिनतोड आहे. शहराची व कारखान्यांची घाण ज्या खाडीत येते तेथे तळेवाला स्वतःच पीडित असतो. परंतु एकाच्या अपराधाने दुसऱ्याचा अपराध धुऊन निघत नाही. उलट, खाडीत येणाऱ्या प्रत्येक थेंबाचा, मग तो विश्वामित्रीसारख्या नदीतून येवो, कारखान्याच्या नळातून येवो की तळ्याच्या झडपेतून येवो, एकत्र हिशेब झाला पाहिजे, ही आमची मागणीच त्यातून बळकट होते.

असा हिशेब ठेवता येतो. थायलंड हा कोळंबीच्या व्यापारात आपला प्रतिस्पर्धी. तेथील तळी गोड्या पाण्याच्या भातखोऱ्यांत शिरली आणि जमीन खारावू लागली, तेव्हा त्या सरकारने १९९८ मध्ये त्या भागांत कोळंबी संवर्धनास बंदी घातली. निर्यातीवर जगणाऱ्या देशाने निर्यातीच्या पिकापेक्षा भाताच्या जमिनीस अग्रमान दिला. नॉर्वेत समुद्रातील जाळ्यांत सालमन मासा वाढवितात. त्या जाळ्यांतील परोपजीवी उवांनी रानटी सालमनचा नाश होऊ लागला, तेव्हा २०१७ पासून तेथे साऱ्या किनाऱ्याचे विभाग पाडून प्रत्येक विभागास रस्त्यावरील दिव्यांप्रमाणे हिरवा, पिवळा वा तांबडा रंग देण्याची पद्धत आली. विभाग हिरवा तर उत्पादन वाढवावे, तांबडा तर सर्वांनी घटवावे. त्या पद्धतीवरही टीका होतेच. परंतु तिच्यातील मुख्य कल्पना आम्हांस मोलाची वाटते. तेथे प्रश्न एका जाळ्याचा न राहता त्या साऱ्या पाण्याचा होतो.

आपल्याकडे याची सुरुवात करावयास नवा कायदाही लागणार नाही. प्रत्येक खाडीसाठी, तिच्या काठी एकूण किती तळी सामावतील याची कमाल मर्यादा आधी ठरवावी आणि मगच परवाने द्यावेत. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि चेन्नईची खाऱ्या पाण्यातील मत्स्यसंवर्धनाची केंद्रीय संस्था यांच्यासारख्या जाणत्या संस्था देशात असता हे काम अवघड म्हणता येणार नाही. लहान तळ्यांस सांडपाण्याच्या अटीतून सूट देण्याऐवजी त्यांच्या गटास मिळून एक निवळणतळे सक्तीचे करावे. त्यात गाळ बसू द्यावा, कांदळ व कालवे वाढवावीत, आणि निवळलेले पाणी ठरलेल्या दिवशी, मोठ्या ओहोटीच्या वेळी, पाळीपाळीने सोडावे. परवान्यापूर्वी आसपासच्या विहिरींचा खारेपणा मोजून नोंदवावा, म्हणजे पुढे ‘विहीर आधीपासूनच खारी होती’ हा बचाव उरणार नाही. परवाना देतानाच अनामत रक्कम घ्यावी. तळे सोडून जाणाऱ्याने जमीन पूर्ववत केल्यावर ती परत करावी. आणि खाजनांच्या मानशींची किल्ली ठेकेदाराकडून काढून कसणाऱ्यांच्या संघटनेकडे द्यावी. लिलावाचे उत्पन्न प्रथम बांधासाठी, मग इतर कशासाठीही.

परंतु या सर्वांहून साधी आणि सर्वांहून परिणामकारक अशी एक गोष्ट आहे. खाडीच्या पाण्याची तपासणी दरमहा व्हावी, ती तळेवाल्यांनी अथवा त्यांच्या सल्लागारांनी न करता बाहेरच्या यंत्रणेने करावी, आणि तिचे आकडे पंचायतीच्या फलकावर मराठीत लिहावेत. प्राणवायू किती, अमोनिया किती, विहिरीत मीठ किती, कोणत्या तळ्याने कोणत्या दिवशी पाणी सोडले. हे आकडे आज कोठे असलेच तर फायलींत असतात, आणि फाइल मागावयास गेलेल्या खारव्याला अथवा कुळाला कोणत्या खिडकीशी उभे राहावे हेच कळत नाही. आकडे फलकावर आले की गावातला शाळामास्तर ते वाचील, मासे विकणारी बाई ते ऐकेल, आणि पुढच्या ग्रामसभेत सरपंचास उत्तर द्यावे लागेल.

नारळी पौर्णिमेस आपण समुद्राला सोन्याचा मुलामा दिलेला नारळ वाहतो आणि शांत हो म्हणून प्रार्थना करतो. आपले कोळी, खारवी, गाबित बांधव त्या दिवशी जी श्रद्धा व्यक्त करतात ती आम्हांस पूज्य आहे. पण वर्षाच्या उरलेल्या दिवसांत आपण त्याच पाण्यास काय वाहतो, याचा जाब अकोट्याच्या पुलावरून नदीकडे पाहणाऱ्या नागरिकापासून खाजनाच्या बांधावर उभ्या असलेल्या ठेकेदारापर्यंत प्रत्येकाकडे मागितला गेला पाहिजे. पुढील काढणीचा हंगाम येण्यापूर्वी किनाऱ्यावरील प्रत्येक पंचायतीने आपल्या खाडीवर किती तळी आहेत, किती परवान्याची आहेत आणि किती विनापरवाना, एवढी यादी तरी ग्रामसभेपुढे ठेवावी. एवढे करावयास कोणाच्याही हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही.